टूटू पवार, रत्नागिरी

2000 साली रत्नागिरीत टूटू पवार नावाची एक म्हातारी वारली. नव्वदी केव्हाच ओलांडलेली. नवरा शंकर पवार, मोठा संसार, पैशाची कायम ओढाताण. कधी शेणी थापून विकल्या, कधी कागदाची फुलं करून विकली. बोलणं मराठी. गल्लीतल्या इतर म्हाताऱ्यांपेक्षा वेगळा फक्त चेहरा आणि नाव.

टूटूच्या आईचे वडील ब्रह्मदेशाचे राजे होते. शेवटचे राजे. आपण ज्याला सरसकट 'थिबा राजा' म्हणतो, तो.

आमच्या हाटकेशमध्ये निम्मी बिल्डिंग कोकणातली. मे महिन्यात रत्नागिरीच्या आंब्याच्या पेट्या येतात, गणपतीला सगळे गावाला जातात. थिबा पॅलेस म्हटलं की प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी असतं: शाळेची सहल, थिबा पॉइंटवरून दिसणारी भाट्याची खाडी, रंगीत काचांपुढे काढलेला फोटो. टूटू म्हटलं की मात्र शांतता. राजवाडा सगळ्यांना माहीत आहे, राजाची नात जवळपास कुणालाच नाही. ही नात काही शंभर वर्षांपूर्वी मेलेली नाही. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, तेव्हा ती जिवंत होती. ज्या गावात रेल्वे नाही, सहजी कुणी येऊ-जाऊ शकत नाही, म्हणून तिच्या आजोबांना आणून ठेवलं, त्या गावात रेल्वे आलेली तिने पाहिली.

पण सुरुवात मुंबईपासून करायला हवी, कारण या गोष्टीतला पहिला धक्का मुंबईच्याच एका कंपनीने दिलेला आहे.

1863 मध्ये वॉलेस बंधूंनी बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन सुरू केली. धंदा ब्रह्मदेशातल्या सागवानाचा. लोअर बर्मा तोवर इंग्रजांनी दोन युद्धांत घेतलेलाच होता. वरचा भाग, मंडालेचा, राजाकडे होता आणि उत्तम साग त्या बाजूच्या जंगलात होता. कंपनी राजाकडून जंगलतोडीचा परवाना घेई, ओंडक्यांमागे पैसे भरी. 1885 मध्ये मंडालेच्या दरबाराने ठरवलं की कंपनी तोडते जास्त आणि दाखवते कमी. दंड ठोठावला, साधारण तेवीस लाख रुपये. कंपनीने इंग्रज सरकारकडे धाव घेतली. फ्रेंचांची मंडालेशी चाललेली बोलणी इंग्रजांना आधीच खुपत होती, त्यात हे निमित्त मिळालं. ऑक्टोबरमध्ये निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरच्या मध्याला जनरल प्रेंडरगास्टची फौज बोटींतून इरावतीवर निघाली आणि दोन आठवड्यांत मंडाले पडलं. 29 नोव्हेंबर 1885 ला थिबाला राजवाड्यातून बाहेर काढून बोटीवर चढवण्यात आलं. 1 जानेवारी 1886 ला वरचा ब्रह्मदेशही इंग्रजी राज्यात सामील. योगायोगाने तो थिबाचा वाढदिवस. त्या दिवशी तो सत्तावीस वर्षांचा झाला.

बॉम्बे बर्मा आजही आहे. मालक बदलले, आता ती वाडिया समूहाकडे आहे, शेअर बाजारात नोंदलेली आहे आणि ब्रिटानियाची सूत्रं तिच्याकडे आहेत. राजाचं घराणं गेलं आणि त्याच्याशी भांडलेली कंपनी चहासोबत बिस्किट देत राहिली. कंपनीला कायद्याने वारसाची गरज नसते, हा तिचा राजघराण्यावरचा मोठाच फायदा.

थिबाबद्दल फार हळहळण्याआधी 1879 बद्दलही बोललं पाहिजे. त्याचा बाप मिंडॉन 1878 मध्ये गेला. त्याला पुष्कळ राण्या आणि त्याहून पुष्कळ मुलं. थिबा त्या रांगेत फार पुढे नव्हता. त्याची सासू आणि दरबारातल्या मंत्र्यांनी त्याला पुढे केलं, आणि गादीला कुणी दुसरा दावेदार उरू नये म्हणून फेब्रुवारी 1879 मध्ये राजघराण्यातल्या ऐंशीच्या आसपास माणसांना ठार करण्यात आलं. त्यात भाऊ होते, बहिणी होत्या, लहान मुलंही होती. थिबाचा त्यात स्वतःचा हात किती, राणी सुपयालतचा किती, यावर इतिहासकार वाद घालतात. राजा तो होता, एवढं नक्की. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे रत्नागिरीत तिची किंमत मुलींनी मोजली.

मंडालेहून रंगून, रंगूनहून मद्रास, आणि एप्रिल 1886 मध्ये रत्नागिरी. सोबत दोन राण्या (दोघी सख्ख्या बहिणी आणि थिबाच्या सावत्र बहिणी), दोन मुली आणि मद्रासमध्ये जन्मलेली तिसरी. चौथी 1887 मध्ये रत्नागिरीतच झाली. सुरुवातीची चोवीस वर्षं हे कुटुंब भाड्याच्या बंगल्यांत राहिलं. आज आपण पाहतो तो राजवाडा फार उशिरा झाला. 1910 च्या नोव्हेंबरमध्ये ते तिथे राहायला गेले. जांभा दगड, ब्रह्मी सागवान, अर्धगोल लाकडी कमानी, नाचासाठी संगमरवरी फरशीचा दिवाणखाना. ज्या सागावरून राज्य गेलं त्याच सागाचं घर.

1910 चा हिवाळा जरा थांबून पाहावा असा आहे. लोकमान्य टिळक रत्नागिरीत जन्मलेले. 1908 मध्ये राजद्रोहाची शिक्षा होऊन त्यांना मंडालेला पाठवलं. मंडालेचा तुरुंग कुठे? तर थिबाच्या जुन्या राजवाड्याभोवतीच्या किल्ल्यात, ज्याला इंग्रजांनी नाव दिलं होतं फोर्ट डफरिन. म्हणजे थिबा रत्नागिरीत नव्या घराची दारं-खिडक्या पाहत होता, तेव्हा रत्नागिरीचा माणूस थिबाच्या किल्ल्यात बसून 'गीतारहस्य' लिहीत होता. इंग्रजांना हे सुचून केलेलं नव्हतं. त्यांच्या नकाशावर दोन्ही गावांचा उपयोग एकच होता. ही अदलाबदल त्यांच्या सवयीची होती: बहादुरशाह जफरला दिल्लीतून उचलून रंगूनला नेलं, तो 1862 मध्ये तिथे मेला. ब्रह्मदेशाच्या राजाला कोकणात आणलं, तो 1916 च्या डिसेंबरमध्ये इथे मेला. जफरची कबर यांगूनमध्ये आहे, थिबाची समाधी रत्नागिरीत.

थिबाच्या तीस वर्षांत सांगण्यासारख्या घटना कमी आहेत. तनखा पुरायचा नाही, मग आणलेली माणकं-हिरे स्थानिक सावकारांकडे जात. सरकारचा अधिकारी हिशेब ठेवी. राजा बाहेर फारसा पडत नसे. मुली वाढत होत्या, आणि खरी गोष्ट मुलींची आहे.

राजकन्येने राजघराण्यातच लग्न करायचं, तेही शक्य तितक्या जवळच्या नात्यात, अशी कोन्बाँग घराण्याची रीत. रक्त शुद्ध राहावं म्हणून राजा सावत्र बहिणीशी लग्न करी; खुद्द थिबाने तेच केलं. आता रत्नागिरीत चार मुलींना स्थळं आणायची कुठून? घराण्यातले पुरुष 1879 मध्येच कमी करून झालेले. उरलेले समुद्रापलीकडे, इंग्रजांच्या नजरेखाली. कोकणातल्या कुठल्या घराशी सोयरीक करणं राजा-राणीच्या कल्पनेतही नव्हतं. मुली तिशीला पोचल्या तरी घरातच. लहान वयात व्हायचा तो कान टोचण्याचा ब्रह्मी समारंभसुद्धा 1914 मध्ये झाला, तोवर थोरली चौतिशीत होती.

थोरली म्हणजे म्यात फया जी, जन्म 1880, मंडालेच्या राजवाड्यातला. राज्य गेलं तेव्हा ती पाच वर्षांची होती, म्हणजे थोडंफार आठवण्याच्या वयाची. 1906 मध्ये तिला मुलगी झाली. वडील गोपाळ सावंत, बंगल्यावरचा दरवान, रत्नागिरीचा माणूस, आधीच लग्न झालेला, बायकामुलं असलेला. ही मुलगी म्हणजे टूटू.

याच्यावर सिनेमा काढणाऱ्याला 'राजकन्या आणि पहारेकरी' असं शीर्षक आयतं मिळेल, पण मला ते पटत नाही. प्रेम नव्हतं असं नाही. पुढे ती ज्यासाठी परत आली ते पाहता काहीतरी घट्ट असणारच. पण पंचवीस-सव्वीस वर्षांची बाई, वीस वर्षं एका आवारात कोंडलेली, आणि त्या आवाराच्या फाटकावर रोज दिसणारा एक पुरुष. तिला भेटू शकणारे पुरुष मोजले तर हाताची बोटंही लागली नसती. सरकारने राजा सांभाळला, राजाने मुली सांभाळल्या, आणि या सांभाळण्यातून जी एक फट राहिली तिच्यातून टूटू जन्मली.

थिबा गेल्यावर दोन वर्षांहून जास्त काळ त्याचं शव पुरायचं राहिलं होतं, कारण राणीला ते मंडालेला न्यायचं होतं. सरकारने ते होऊ दिलं नाही. मार्च 1919 मध्ये रत्नागिरीत त्याची समाधी झाली, धाकट्या राणीचीही तिथेच, आणि पुढच्या महिन्यात सुपयालत मुलींना घेऊन रंगूनला गेली. मंडालेला तिला जाऊ दिलं नाही. ती 1925 मध्ये रंगूनमध्येच वारली. दुसऱ्या मुलीने 1917 मध्ये वडिलांच्या चिटणिसाशी लग्न करून आईशी संबंध तोडला होता. ती पुढे कालिम्पाँगला राहिली, 1956 मध्ये तिथेच गेली.

थोरली मात्र टूटूला घेऊन रंगूनहून थोड्याच काळात रत्नागिरीला परत आली. रंगूनमध्ये आई होती, बहिणी होत्या, भाषा होती, तिला पाहून गुडघे टेकणारी माणसं होती. त्या सगळ्याकडे पाठ फिरवून ती परत आली, अशा गावात जिथे ती कुणाची बायको नव्हती आणि राणीही नव्हती. माझ्या मते या सबंध गोष्टीत स्वतःचा निर्णय स्वतः घेतलेला हा सगळ्यात मोठा प्रसंग आहे, आणि पर्यटन माहितीपत्रकात त्याला एक ओळही मिळत नाही. तिथे राजा असतो, राजवाडा असतो, बांधकामाचं साल असतं.

सुधा शहा यांच्या 'द किंग इन एक्झाइल' (2012) या पुस्तकामुळे हे सगळं नीट जुळवलेलं आज आपल्या हातात आहे. त्याआधी अमिताव घोष यांची 'द ग्लास पॅलेस' ही कादंबरी आली, तीही 2000 साली, टूटू गेली त्याच वर्षी. रत्नागिरीतला थिबा जगाला त्या कादंबरीने दाखवला.

आता नावाबद्दल. ब्रह्मी लोकांत आडनाव नसतं. मुलाच्या नावात बापाचं काही येत नाही. जन्मवारावरून अक्षर ठरतं, नाव ठेवतात, झालं. टूटू हे तसलं नाव, मागेपुढे काही नसलेलं. ती मराठी घरात लग्न होऊन गेली आणि तिला तिन्ही भाग मिळाले: स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव. आपल्याकडचं नाव म्हणजे पत्ता असतो, तुम्ही कुणाचे ते सांगणारा. तिच्या पत्त्यात आईचं घर कुठेच नव्हतं. (मी कामानिमित्त रोज फॉर्म बनवतो. आडनावाचा रकाना सक्तीचा ठेवायचा की नाही, यावर आमच्या टीममध्ये अर्धा तास वाद झालेला आहे. ब्रह्मदेशाचा राजा तो फॉर्म सबमिट करू शकला नसता.)

महाराष्ट्रात वंशावळ हा सध्या चेष्टेचा विषय नाही. जातपडताळणीसाठी आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला शोधत तहसील कचेरीत हेलपाटे घातलेले माझ्या कॉलेजात डझनभर होते. 2023 पासून कुणबी नोंदींसाठी मोडीतली दप्तरं उघडली जाऊ लागली तेव्हा लाखो घरांना पणजोबाच्या नावापुढे काय लिहिलंय याची उत्सुकता लागली. त्या सगळ्या शोधाची एक अट ठरलेली आहे: रेघ बापाकडून वर जाते. बाप, आजा, पणजा. आईकडून वर गेलात तर कागद संपतो. टूटूची रेघ बापाकडून गेली तर गोपाळ सावंत दरवानाशी पोचते, आणि आई-बापाचं लग्न झालेलं नसल्याने तीही अडखळत. आईकडून गेली तर मिंडॉन, आणि त्याच्याही मागे 1752 मध्ये घराणं स्थापणारा अलाउंगपया. एवढी मोठी वंशावळ, पण ती कुठल्या रकान्यात भरायची?

इथे जपानकडे बघण्यासारखं आहे. जपानने 1884 मध्ये युरोपच्या धर्तीवर सरदार-दरकदारांच्या पाच पायऱ्यांच्या पदव्या ठरवल्या आणि मे 1947 मध्ये नव्या राज्यघटनेने त्या सगळ्या एका झटक्यात रद्द केल्या. आपण संस्थानिकांचे तनखे 1971 मध्ये बंद केले, तोच प्रकार. तरी घराणी टिकली. ॲनिमे आणि गेम्समध्ये तुम्हाला भेटतो तो ओदा नोबुनागा. त्याचा वंशज म्हणवणारा नोबुनारी ओदा फिगर स्केटिंग करतो, 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये ऐन वेळी त्याच्या बुटाची नाडी तुटली होती. त्याहून बोलका नमुना तोकुगावांचा. या शोगुन घराण्याचे अठरावे प्रमुख त्सुनेनारी तोकुगावा जन्माने मात्सुदाइरा. सतराव्या प्रमुखाच्या मुलीचा हा मुलगा. मुलाची रेघ संपली, तेव्हा घराण्याने मुलीच्या मुलाला दत्तक घेतलं, 1963 मध्ये तो प्रमुख झाला आणि पोटापाण्यासाठी निप्पॉन युसेन या जहाज कंपनीत नोकरी करत राहिला. घराणं म्हणजे रक्त नव्हे, घराणं म्हणजे घर, आणि घर चालू ठेवायला कुणाला आत घ्यायचं ते घर ठरवतं, असा तो हिशेब.

दत्तकाची हीच वाट आपल्याकडेही होती. ती इंग्रजांनी 1848 मध्ये साताऱ्यात अडवली, नंतर नागपुरात. ब्रह्मी घराण्याच्या बाबतीत वाट अडवण्याचीही गरज पडली नाही. आत घेणारं घरच उरलं नव्हतं.

ज्यांचं जन्मप्रमाण निर्विवाद होतं त्यांचं तरी काय झालं? सगळ्यात धाकटी राजकन्या ब्रह्मदेशात होती, लग्नाची, मुलाबाळांची. तिने 1930 च्या दशकात इंग्रजांकडे राज्याची आणि दागिन्यांची मागणी केली, म्हणून तिला मौलमीनला पाठवलं. ती 1936 मध्ये वारली. तिच्या मुलांपैकी एक 1948 मध्ये, स्वातंत्र्याच्या पहिल्याच वर्षी मारला गेला. एक मुलगी यांगूनमध्ये इंग्रजी शिकवत असे. ताव फया हा मुलगा 2019 पर्यंत जगला, प्यिन ऊ ल्विन या थंड हवेच्या गावात, साध्या माणसासारखा. 1962 नंतरच्या लष्करी राजवटीला राजघराण्याचं नाव चर्चेत नको होतं. म्हणजे औरस असून त्यांच्या वाट्याला आलं ते टूटूपेक्षा बरं होतं, पण फार बरं नव्हतं.

थोरली राजकन्या जून 1947 मध्ये रत्नागिरीत गेली. जपानच्या पदव्या रद्द झाल्या त्याला महिना झाला होता, भारत स्वतंत्र व्हायला दोन महिने होते. तिला सरकारी तनखा होता. तो राजकन्येचा होता, आणि टूटू राजकन्या म्हणून कुठल्याच यादीत नव्हती.

हावड्यात बहादुरशाह जफरच्या पणतूची विधवा झोपडपट्टीत राहते. तिने 2021 मध्ये लाल किल्ल्यावर हक्क सांगत दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला, न्यायालयाने दीडशे वर्षं उशीर झाल्याचं सांगून तो फेटाळला. बातमीवर लोकांनी भरपूर मीम्स केली. मला त्यात हसण्यासारखं फारसं दिसलं नाही. किल्ला मिळणार नाही हे तिलाही कळत असावं. अर्ज केल्याने निदान तिचं नाव कोर्टाच्या कागदावर आलं.

टूटूने असला अर्ज केला नाही. करायचा तर कुणाकडे? रंगूनकडे, दिल्लीकडे की लंडनकडे? आणि मागायचं काय? मंडालेचा राजवाडा तर दुसऱ्या महायुद्धात 1945 च्या मार्चमध्ये जळून गेला. रत्नागिरीचा राजवाडा तिच्या जन्मानंतर चार वर्षांनी झाला आणि तो सरकारचाच होता.

2012 च्या डिसेंबरमध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत समाधीवर येऊन गेले. 2016 मध्ये थिबाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली, तेव्हा म्यानमारमधले वंशज आले, प्रार्थना झाली. राजघराणं लपवून ठेवणाऱ्या लष्कराला आता राजा हवासा वाटू लागला होता. सरकारं बदलली की पूर्वजांचेही दिवस फिरतात. त्या समारंभात ब्रह्मी वंशज आणि रत्नागिरीचे वंशज एकमेकांसमोर आले. मावस भावंडांची पुढची पिढी. एका बाजूला ब्रह्मी, दुसऱ्या बाजूला मराठी, बोलायला मध्ये दुभाषी.

टूटूची मुलं-नातवंडं महाराष्ट्रात आहेत, पवार आहेत, पवारांत लग्न होऊन बाहेर गेलेल्या मुली वेगवेगळ्या आडनावांच्या आहेत. त्यांची नावं इथे देत नाही, ती सार्वजनिक माणसं नाहीत. रत्नागिरीला जाल तर राजवाडा बघाच, संग्रहालय आहे. समाधीही बघा, ती राजवाड्यापासून थोडी दूर आहे आणि तिथे गर्दी नसते. टूटू जिथे राहिली ते दाखवणारी पाटी कुठे नाही.